बारा व्होल्ट, फक्त बारा

नाही, हसा, तुम्ही हसा... सगळं भाट्ये हसलं, खाडीपलीकडून माणसं पूल ओलांडून हसायला आली, तुम्हीच काय म्हणून मागे राहायचं? पण तुम्हाला सांगतो, ज्यानं अकरा दिवस स्टुलावर पाट, पाटावर तांदळाचा डबा आणि डब्यावर स्वतः, असं उभं राहून स्वयंपाकघराच्या माळ्याला टाळू घासलीय ना, त्याला हसू येत नाही. आणि कशासाठी म्हणाल? दोनशेतीस व्होल्टाशी झुंजत होतो असं असतं तर गोष्ट वेगळी. माणूस चिकटतो, फेकला जातो, निदान चार माणसं मोसंबी घेऊन बघायला तरी येतात. माझं काय? बारा व्होल्ट हो. फक्त बारा. दोन्ही तारा दोन्ही हातांत धरून उभे राहा, काही म्हणजे काही होत नाही, एवढासा तो करंट, आणि त्यानं माझी घरातली सगळी पत घालवली.

आता हे बारा व्होल्ट माझ्या घरात आले कसे? महिपत. महिपत म्हणजे माझा मेव्हणा, दमयंतीचा धाकटा भाऊ, बोटीवर इलेक्ट्रिशियन. माणूस सोन्यासारखा, त्याबद्दल तक्रार नाही, पण प्रत्येक खेपेला परदेशातून काहीतरी आणतो आणि ते आणलेलं मग मला सांभाळावं लागतं. सत्त्याऐंशीच्या शिमग्याला आला तो एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. खोक्यात तीन दिवे. दिवे म्हणजे तुमचा-आमचा चाळीसचा बल्ब नव्हे हो... आरशाची इवलीशी वाटी, वाटीत हरभऱ्याएवढी काच, आणि मागे दोन पाय, गोधडीच्या सुईएवढे. सोबत एक लोखंडी ठोकळा, पाच शेर तरी वजन, तो दोनशेतीसचे बारा करतो. मी विचारलं, बारा करून फायदा काय? म्हणाला, भावोजी, उजेड बघा, मग बोला. बरं, आमचं स्वयंपाकघर म्हणजे काय, चारी बाजूंना जांभ्याचे चिरे, वर माळा, खिडकीसमोर फणस, भर दुपारी दमयंती बोंबील साफ करते ते हातानं चाचपून. तेव्हा गरज होती, हे मी नाकबूल करत नाही.

आणि बसवले कधी? आम्ही दोघं वेळणेश्वराला अभिषेकाला गेलेलो. संध्याकाळी परत येतो तर स्वयंपाकघरात काय, पाट्यावरची खाचनखाच मोजावी! दमयंती दारातच उभी राहिली. सतरा वर्षं त्या खोलीत वावरलेली बाई, म्हणाली, “अगोबाई, इथे कोनाडा आहे होय.” मी मात्र एक गोष्ट त्याच वेळी बोललो होतो, लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे. मी म्हटलं, महिपत, हळदकुंकू? म्हणाला, राहिलं, आता वर चढून कोण लावणार. आमच्या घरात तुम्हाला सांगतो, नवीन वस्तू हळदकुंकवाशिवाय वापरात येत नाही. सायकल घेतली, लावलं. कुकर घेतला, लावलं. विजेचा मीटर बसवायला आलेल्या माणसाला दहा मिनिटं खाली उभा करून मीटरला लावलं, आणि तोही बिचारा टोपी काढून उभा राहिला. मी स्वतः मॅट्रिकला विज्ञानात पासष्ट मार्क मिळवलेला माणूस आहे, अंधश्रद्धाळू नाही, पण रीत ती रीत.

झालं. महिपत बोटीवर गेला, आणि आषाढात एक दिवा गेला. आठ दिवसांनी दुसरा. मग तिसरा. मी दमयंतीला म्हटलं, बघ, पूजा झाली नव्हती. ती म्हणाली, असेल. महिपतनं सहा बल्ब जादा ठेवले होते आणि खोक्यावर आतल्या बाजूनं शाईनं लिहून ठेवलं होतं, ‘भावोजी, काचेला उघडं बोट लावू नये, बोटाचं तेल लागलं की काच तडकते. शक्यतो मी येईपर्यंत हात लावू नये.’ शक्यतो! हा शब्द मला लागला. नऊ वर्षांनी लहान पोरगा, आणि मला सांगतो शक्यतो.

कारण, आता तुम्हाला आतलं सांगतो. मी नोकरीला तालुक्याच्या कचेरीत, जन्ममृत्यूच्या नोंदीवर. दिवसभर माणसं जन्माला घालायची आणि मारायची, कागदावर. संध्याकाळी घरी आलो की हाताला काहीतरी खरं लागतं. म्हणून माझी ती पिशवी. कॅनव्हासची, त्यात एक पकड, तिला लाल रबराच्या मुठी, तीन स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, चिकटपट्टी, आणि एक छोटी कानस. रविवारी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो की मला कुणी मोठा साहेब असल्यासारखं वाटतं, खोटं कशाला सांगू? आता मी दुरुस्त केलेलं घड्याळ तेरा ठोके देतं, हे खरं. रेडिओ मी उघडल्यापासून फक्त पाऊस पडत असताना लागतो, हेही खरं. पण लागतो!

तर मी पिशवी काढली. दमयंती म्हणाली, “महिपत नारळी पौर्णिमेला येतोय. अकरा दिवस तर राहिले. तोवर चिमणी लावते मी.” चिमणी! माझ्या घरात, मी असताना, रॉकेलची चिमणी! माझ्या तोंडून निघून गेलं, म्हटलं, पौर्णिमेला तुझा भाऊ त्या ओट्याशी उभा राहील तेव्हा तिन्ही दिवे त्याच्या डोक्यावर लागलेले असतील, आणि नसले तर ही पिशवी मी सोडली, परत ह्या घरात स्क्रू पिळणार नाही. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “हे देवासमोर बोला.” गेलो, देवासमोर बोललो. मला काय माहीत? बारा व्होल्ट हो. फक्त बारा!

आता कामाची पद्धत बघा माझी. घाई नाही. पहिल्यांदा मेन स्विच बंद. रेशमी रुमाल घेतला, लग्नातला, त्यात बल्ब धरला, काचेला बोट नाही. दमयंती हळदकुंकवाचं तबक घेऊन उभी. ती बोट बुडवून काचेला लावायला गेली, मी ओरडलोच, काचेला नको! काच तापते, तडकते, तुझ्या भावानं लिहिलंय. मग कुठे लावू, म्हणाली. आता विचार करण्याचा प्रश्न होता. आणि मला सुचलं हो, काय करणार, सुचतं मला. म्हटलं, पायांना लाव. पूजा पायांचीच असते. तिनं लावलं, पण ते पाय असे गुळगुळीत, पाण्यातली हळद टिकेना, ओघळून जाई. म्हटलं, खोबरेल तेलात कालव. कालवली. काय बसली म्हणता! पिवळ्यावर लाल, दोन्ही पाय असे नटले की उचलून वर खोचायला जीव होईना. तिन्ही बल्ब झाले, वर चढलो, खोचले, उतरलो, मेन चालू केला, बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. काही नाही. दमयंतीनं चिमणीची काच पुसायला घेतली, आणि पुसणं असं की मला ऐकू यावं. मी म्हटलं थांब. बल्ब बदलून बघू, जादाचे तीन आहेत. परत रेशमी रुमाल, परत तबक, परत पाय, परत वर. काही नाही! सहाच्या सहा नवे बल्ब आणि स्वयंपाकघरात आमच्या चेहऱ्यांवर चिमणीचा उजेड.

दुसऱ्या दिवशी फ्यूज तपासला. फ्यूज ठणठणीत. पंखा फिरतोय, बाहेरचा दिवा लागतोय. मग ठोकळ्याला कान लावला. आत घूं घूं चाललेलं. शेजारचे आप्पा आले, बंदरखात्यातून निवृत्त, त्यांचं आयुष्य गोदीत गेलं, त्यामुळे त्यांना सगळं कळतं. त्यांनीही कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ. वैद्य नाडी बघतात तसे. मग म्हणाले, “गंगाराम, आत चालू आहे. बाहेर येत नाहीये.” अहो, एवढं मलाही दिसत होतं! मी टेस्टर काढला, बाराच्या तारेला लावला. पेटला नाही. हां! म्हटलं सापडलं, ठोकळा गेला, महिपतच्या मालातच खोट. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी आप्पांना चहा पाजला.

तो आनंद दादू येईपर्यंत टिकला. दादू म्हणजे पुलाच्या अलीकडे ज्याचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान आहे तो. त्याला मी बोलावलं नव्हतं, पण भाट्यात कुणाला बोलवावं लागत नाही. त्यानं माझ्या हातातला टेस्टर बघितला आणि म्हणाला, “भाऊ, बाराला टेस्टर पेटत नाय. त्याला साठ-सत्तर तरी होया.” माझ्यासमोर! आप्पांसमोर! मी म्हटलं, मला माहीत आहे, मी टेस्टर चालतो का ते बघत होतो. मग दादूनं खिशातून जीपच्या पुढच्या दिव्याचा बल्ब काढला, ह्या माणसाच्या खिशात काय काय असतं, आणि आमच्या माळ्याखालच्या दोन तारांना टेकवला... लख्ख! जीपचा बल्ब माझ्या स्वयंपाकघरात लख्ख! म्हणजे बारा व्होल्ट येतायत. ठोकळा चांगला, तार चांगली.

मग बल्बच गेलेले? सहा? आप्पा म्हणाले, बोटीच्या प्रवासात हबकले असतील, माणूसही हबकतो. दादू म्हणाला, एक द्या, दुकानात बघतो. मी स्वतः गेलो, बल्ब रुमालात, छत्री बल्बावर, मी भिजलो तरी चालेल. दादूनं बॅटरी पुढे ओढली. ते चिमटे असतात ना, दात असलेले, मगरीच्या जबड्यासारखे, ते त्यानं बल्बाच्या दोन पायांना कचकन लावले... आणि तुम्हाला सांगतो, डोळे दिपले. बल्ब जिवंत. अगदी ठणठणीत.

आता बघा हं. बल्ब चांगला. तारा चांगल्या. ठोकळा चांगला. नवरामुलगा चांगला, नवरीमुलगी चांगली, घराणी चांगली, आणि संसार होत नाही! आणि तोही दोनशेतीसचा नाही. बारा व्होल्ट हो, फक्त बारा!

तो बल्ब घेऊन मी धावत घरी आलो. चढणार, एवढ्यात दमयंती म्हणाली, “गॅरेजातनं आलाय ना? ग्रीस-बीस लागलेलं असतं तिथे.” बरोबर होतं तिचं. कुणाकुणाचे हात लागलेले, जीपच्या बॅटरीला टेकवलेला, तसाच कसा वर चढवायचा? पाय दुसऱ्यांदा हळदकुंकवानं भरले, तेलातच कालवून, जरा जाडच. वर खोचला. काही नाही.

आप्पा म्हणाले, अर्थिंग. मी म्हटलं आप्पा, ठोकळ्याला अर्थिंगची तार जाते, मागल्या दारी खड्ड्यात. आप्पा म्हणाले, जाते, पण खाली काय आहे? जांभा. जांभा करंट घेत नाही. मीठपाणी घाला. घातलं. रोज सकाळी दोन बादल्या खारं पाणी, खारवायला ठेवलेल्या माशांचं उरलेलं मीठसुद्धा मी खड्ड्यात ओतलं. दिवे लागले नाहीत. खड्ड्याशेजारी भाट्याच्या नारळ केंद्रातून आणलेला एक माड होता, तीन वर्षं जागचा हलला नव्हता, त्याला मात्र ते मीठ असं मानवलं की पाच दिवसांत नवीन झावळी काढली. दमयंती जाता-येता त्या झावळीकडे बघायची आणि मग माझ्याकडे.

सहावा दिवस. सातवा. मी कचेरीत रजा टाकली. ज्या होल्डरात ते पाय खोचतात ना, त्याची भोकं टाचणीनं साफ करून बघितली. टाचणीवर लालसर-पिवळं काहीतरी आलं. मी नाकाजवळ नेलं, म्हटलं गंज! कोकणातली हवा, शंभर इंच पाऊस, परदेशी पितळ टिकणार कसं? सगळी भोकं टाचणीनं खरवडली, स्वच्छ केली, आणि इतकी मेहनत घेतली म्हणून ह्या वेळी सहाही बल्बांना एकदम, नव्यानं, दोन-दोन बोटं. दमयंतीनं तेवढ्यात विचारलं हो, मी नाही म्हणत नाही. तबक हातात धरून म्हणाली, “अहो, पायांना एवढं लावलेलं चालतं ना?” आणि मी, डब्यावर उभा, घामाघूम, मानेला लचक, मी तिला काय म्हटलं असेन? म्हटलं, चालतं. विज्ञान मला शिकवू नकोस.

तीन खोचले. काही नाही. ते तीन काढून दुसरे तीन खोचले. काही नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी मी अंगणाच्या पायरीवर बसलो होतो, पिशवी मांडीवर. पकड काढली, मुठी पुसल्या. पहिल्या पगारातली पकड ती. पाऊस थांबला होता, त्यामुळे रेडिओही बंद. दमयंती येऊन शेजारी बसली. म्हणाली, मी महिपतला काही सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका, बल्बच गेलेत म्हणू. चांगली बाई आहे हो ती. पण मी देवासमोर बोललो होतो, आणि देव आमचे स्वयंपाकघराच्या लागूनच आहेत, त्यांना दिसत होतं की अंधार आहे. रात्रभर मला माशांच्या खारातली स्वप्नं पडली.

नारळी पौर्णिमा. सकाळी दर्याला नारळ दिला, महिपत आला, ओवाळणं झालं, राखी झाली, नारळीभाताचा वास सुटला. आप्पा आलेले, दादूही आलेला. दादूचं काय काम होतं मला सांगा? महिपत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, चिमणी बघितली, वर बघितलं, बटण दाबलं. मी खिडकीतून फणस मोजत होतो. एक फणस आहे, तो मी पाच वेळा मोजला.

महिपत उंच आहे, त्याला डबा लागत नाही, नुसत्या पाटावर उभा राहिला. रुमालात धरून एक बल्ब उतरवला. उलटा केला. पायांकडे बघितलं. मग दमयंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत पायांकडे. ते पाय आता पाय राहिले नव्हते, दोन जाड पिवळ्या-तांबड्या वाती झालेल्या.

“भावोजी,” म्हणाला, “ह्यांना माळ्यावर चढवायचंय की बोहल्यावर?”

मग दमयंती हळूच म्हणाली की काचेला लावायचं नाही असं तूच लिहिलं होतंस. महिपत म्हणाला, हो, लिहिलं होतं. ती म्हणाली, मग ह्यांनी सांगितलं पायांना लाव. तेलात कालवून? हो, तेलात, पाण्यात टिकत नव्हतं. किती वेळा? दमयंतीनं बोटांवर हिशेब केला, म्हणाली, जो गॅरेजात जाऊन आला त्याला तीन वेळा.

महिपतनं खिशातलं पातं काढलं, पाय खरवडले, धोतराच्या टोकानं पुसले. आणि खरवडता खरवडता अगदी शांतपणे म्हणाला, “करंट पायातूनच चढतो, भावोजी. दोनशेतीस असता तर हळद जाळून पलीकडे गेला असता. हा बिचारा बारा. ह्याला एवढी हळद ओलांडवत नाही.” त्यानं बल्ब खोचला आणि बटण दाबलं.

लागला! तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटायच्या आधी आनंद झाला, असा उजेड पडला की नारळीभातातली लवंगन् लवंग दिसली. मग लाज वाटली. दादू भिंतीला टेकून हसत होता, खाली बसला, परत उठला, परत बसला. आप्पा म्हणाले, “मी सांगितलं नव्हतं? अर्थिंगच.” आणि मला ते चिमटे आठवले, दादूच्या दुकानातले दातांचे चिमटे, हळद फोडून आत गेले म्हणून तिथे लागला! ती टाचणी आठवली, तो माझा गंज! सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं हो, टाचणीच्या टोकावर नाकाला लावलं होतं मी ते, आणि ओळखलं नाही. लग्नात अंगाला लागली होती, रोज आमटीत असते, आणि मी हळद ओळखली नाही!

जेवणं झाली. तीन दिव्यांखाली, सगळ्यांचे चेहरे असे लख्ख, कुठे बघायची सोय नाही. मी उठलो, पिशवी आणली, महिपतपुढे ठेवली. बोललो होतो ना. महिपत चांगला हो, म्हणाला, छे छे भावोजी, माझ्याकडे आहेत, हे काय, ठेवा. मी आशेनं दमयंतीकडे बघितलं. ती म्हणाली, “बोलणं देवासमोर झालंय, महिपत. तुला नको तर देवाकडे राहू दे.” आणि पिशवी उचलून तिनं देवघरात, समईच्या मागे ठेवली.

तेव्हापासून ती तिथेच. घड्याळ तेरा ठोके देतं, रेडिओ पावसात लागतो, आणि रविवारी मी आप्पांकडे जाऊन बसतो. माड मात्र छपराला लागला. त्या वर्षी मी दसऱ्याची वाट बघत होतो. म्हटलं, खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं बाहेर निघतात, निदान हातात तरी घेता येईल, पुसता तरी येईल. तर खंडेनवमीला सकाळी मी आंघोळ करून येतो तो दमयंतीनं आधीच पूजा मांडलेली. पाटावर माझी पकड, तिला झेंडूचं फूल, आणि हळदकुंकू. मी म्हटलं, कुठे लावलंस? म्हणाली, रबराला लावलं असतं तर डाग पडला असता. म्हणून मधे लावलं, जिथे तिचे दोन पाय एकमेकांना मिळतात ना, तिथे. आणि टिकावं म्हणून पाण्यात भरपूर कालवलं, तेलात नको म्हणाली, तेलानं घोटाळा होतो.

आता कोकणातली हवा, परतीचा पाऊस, लोखंड, आणि त्यात ओलं कुंकू... दिवाळीत हळूच उचलून बघितली. उघडत नाही. दोन्ही मुठी धरून जोर लावला, उघडत नाही. ती सोडवायची तर दुसरी पकड पाहिजे, आणि ती महिपतकडे आहे.